शेक दहा दिवसांचा, कंबर जन्माची

भिवंडीत कंबर धरली की पुढची वाट ठरलेली असते. आधी मेडिकलमधून गोळी, मग मालिश, मग कोणीतरी सुचवलं म्हणून एमआरआय, आणि त्या कागदावर गादी सरकल्याचं निघालं की कमरेला पट्टा आणि दहा दिवसांचा शेक. दवाखान्यात पालथं झोपवतात, कमरेवर ओलसर पॅड बांधतात, मुंग्या आल्यासारखा करंट सुरू होतो. तो थांबला की गार जेली लावून मशीनची गुळगुळीत मूठ पाच-सात मिनिटं गोल फिरवतात. टायमर वाजतो, पट्टे सुटतात, पुढचा पेशंट आत येतो. यालाच फिजिओथेरपी म्हणतात अशी माझीही बरीच वर्षं समजूत होती. ती चुकीची होती, आणि चूक लहान नाही. दहा दिवसांचे पैसे जातात, कामाचे खाडे पडतात. पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे ज्या आठवड्यांत शरीर पुन्हा उभं करता आलं असतं, ते आठवडे पालथं पडून निघून जातात. माझ्यासारखी समजूत असलेल्यांनी वेळीच सावध व्हावं म्हणून इथे संशोधन काय सांगतं ते मांडतो आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या आणि मागे दुसरा आजार नसलेल्या दुखण्यावर, आपली पहिली मार्गदर्शिका काढली. शस्त्रक्रियेशिवाय काय करावं आणि काय नेहमीसाठी टाळावं, हे तिच्यात आहे. टाळण्याच्या यादीत कमरेचा पट्टा आहे, वजन लावून कंबर ताणणं आहे, टेन्स नावाचा करंट आहे आणि अल्ट्रासाउंडचा शेकही आहे. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘फिजिओ’ म्हणतात त्यातलं बहुतेक सगळं याच यादीत येतं. करण्याच्या यादीत आहे तो माणसाला बसेल असा व्यायामाचा कार्यक्रम आणि दुखण्याविषयी नीट समजावून सांगणं. मालिशलाही तिथे जागा आहे, पण एकट्या मालिशवर भागेल असं तिथे म्हटलेलं नाही. ही यंत्रं विषारी नाहीत. लोकांची निवड चिठ्ठी टाकून करून, तुलना करून पाहिलं तेव्हा त्यांचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही, एवढंच. जगात २०२० साली सुमारे ६१.९ कोटी माणसांची कंबर दुखत होती असा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या दुखण्यावर चुकीची सवय बसली तर ती किती घरांना महाग पडत असेल याचा विचार करावा.

ताज्या दुखण्याची, म्हणजे अचानक उसण भरली त्याची, गोष्ट थोडी वेगळी. तिथे आपला पहिला सल्ला असतो, ‘पडून राहा.’ अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणात राहायला सांगितलं. दोन दिवसवाल्यांचे कामाचे सरासरी ३.१ दिवस बुडाले, सात दिवसवाल्यांचे ५.६, आणि बरं होण्यात फरक काहीच पडला नाही. मग १९९५ मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास आला. एका गटाला दोन दिवस विश्रांती, दुसऱ्याला कमरेचे व्यायाम, आणि तिसऱ्याला फक्त एवढंच सांगितलं की सोसेल तितकं रोजचं हिंडणं-फिरणं चालू ठेवा. तिसरा गट सगळ्यांत आधी बरा झाला आणि झोपून राहिलेला सगळ्यांत उशिरा. म्हणजे पहिल्या चार दिवसांत जोरात व्यायाम करायलाही धावू नये. चहाला उठावं, गल्लीपर्यंत जाऊन यावं, कूस बदलत राहावं. व्यायामाचं काम त्यानंतर सुरू होतं.

व्यायामाचं यश फुगवून सांगण्यात अर्थ नाही. जुनाट कंबरदुखी आणि व्यायाम यांवरच्या २४९ चाचण्या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२१ मध्ये एकत्र तपासल्या. उपचार न घेणाऱ्यांशी किंवा नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी ताडून पाहिलं तर वेदना शंभरात सुमारे पंधरा गुणांनी कमी झाली, हालचालीतली सुधारणा त्याहून कमी होती. हा चमत्कार नव्हे. पण ज्याला रात्री कुशीवर वळता येत नाही त्याला पंधरा गुण म्हणजे झोप लागणं असतं. पुन्हा कंबर धरू नये यासाठी ऑस्ट्रेलियात एक साधा प्रयोग झाला, २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो छापला. नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ माणसांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टने हळूहळू वाढत जाणारं चालणं आखून दिलं आणि सहा महिने अधूनमधून पाठपुरावा केला. त्या गटात पुढचं दुखणं येईपर्यंत साधारण २०८ दिवस गेले, दुसऱ्या गटात ११२. यंत्र नाही, पट्टा नाही. दुखण्याला जवळजवळ दुप्पट लांब ढकललं ते चालण्याने आणि कोणीतरी विचारपूस करत राहिल्याने.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: शेक घेतल्यावर मला बरं वाटतं, ते खोटं का? खोटं अजिबात नाही. उबेने स्नायू सैल पडतात, तासभर बरं वाटतं. घरी गरम पाण्याच्या पिशवीने तेच होतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. शिवाय माणूस दवाखान्यात जातो तो दुखणं शिगेला पोचलेलं असताना. शिखरावरचं दुखणं पुढे बहुधा उतरतंच, आणि उतरण्याचं श्रेय त्या आठवड्यात जे केलं असेल त्याला मिळतं. म्हणूनच अल्ट्रासाउंडच्या चाचण्यांमध्ये एका गटाला बंद मशीन लावतात. जेली तीच, मूठ तीच, फिरवणंही तेच, फक्त आत लहरी नसतात, आणि रुग्णाला ते माहीत नसतं. बंद मशीनच्या गटालाही बरं वाटतं. चालू मशीनने त्यापेक्षा किती जास्त बरं वाटलं, हाच खरा प्रश्न. जुनाट कंबरदुखीत त्याचं उत्तर निराशाजनक आलं आहे.

दुसरा आक्षेप एमआरआयच्या कागदाचा. गादी सरकलेली फिल्मवर दिसते, मग हालचाल कशी करायची? काहीही दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या मणक्यांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या निरोगी माणसांपैकीच ३० टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या दिसल्या, चाळिशीत ५० टक्क्यांच्या, ऐंशीत ८४ टक्क्यांच्या. पांढऱ्या केसांसारखंच हे मणक्याचं वय आहे. फिल्मवरची गादी आणि तुमचं दुखणं यांचा संबंध असेलही, नसेलही. तो तपासून ठरवावा लागतो. पायाची ताकद, बधिरपणा, प्रतिक्षिप्त क्रिया पाहिल्याशिवाय नुसत्या कागदावरून ‘वाकू नका, उचलू नका’ सांगितलं, तर त्या वाक्यानेच माणूस अपंग होतो. वाकायला घाबरणारा माणूस स्नायू गमावतो, आणि स्नायू गमावलेली कंबर जास्त दुखते.

तिसरा आक्षेप आपल्या गावचा आहे आणि मला तो सगळ्यांत वजनदार वाटतो. बारा तासांची पाळी करणाऱ्याला व्यायाम कसला सांगता? शांतीनगर, नारपोलीकडच्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात क्षणभर उभं राहून बघावं. एका माणसाकडे चार-सहा माग, कधी जास्तही. कांडी संपली की माग थांबवायचा, वाकून धोटा काढायचा, रिकामी कांडी टाकून भरलेली बसवायची, माग चालू करायचा, तोवर दुसऱ्या मागावर ताण्याचा धागा तुटलेला असतो. मग मागावर ओणवं होऊन, हात लांबवून तो सांधायचा. हेच दिवसभर, खटखटाटात, सिमेंटच्या फरशीवर उभं राहून, मजुरी कापडाच्या मीटरवर. मानकोली-दापोड्याच्या गोदामांतल्या हमालाची तऱ्हा वेगळी, पण शीण तोच. या माणसाला शरीर हलवायला सांगणं वरवर क्रूर वाटतं. पण कामाचे कष्ट आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेन्मार्कमधल्या आंद्रेआस होल्टरमन यांनी आणि त्यांच्यासारख्या इतर संशोधकांनी हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला आहे. २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात तर कामावर जास्त अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांचा अकाली मृत्यूचा धोका १८ टक्क्यांनी जास्त आढळला. फुरसतीतली हालचाल मात्र आयुष्य वाढवते. होल्टरमन यांची कारणमीमांसा पटणारी आहे. कामात एकच हालचाल हजार वेळा होते, वेग माणसाच्या हातात नसतो, दमल्यावर थांबता येत नाही आणि रात्रीत शीण भरून निघत नाही. व्यायामात भार थोडा असतो, वाढवायचा की नाही हे आपण ठरवतो, आणि मध्ये विसावा असतो. मागावर पुढे वाकणारे स्नायू दिवसभर राबतात, पण नितंबाचे आणि मांडीचे स्नायू, ज्यांनी खरा भार घ्यायचा, ते तसेच दुबळे राहतात. खुर्चीवरून हात न टेकता सावकाश दहा वेळा उठणं-बसणं, उताणं पडून गुडघे वाकवून कंबर वर उचलणं, याला जागा चटईएवढी लागते आणि वेळ दहा मिनिटं.

कोणी म्हणेल, हे सगळं परदेशातलं. पण कमरेचा नसला तरी जाणकार का लागतो हे सांगणारा एक पुरावा आपल्या देशातलाही आहे, आणि तो कडू आहे. पक्षाघाताच्या रुग्णांच्या घरच्यांनाच व्यायाम शिकवून त्यांच्याकडून करून घ्यावेत, या कल्पनेची भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर चाचणी झाली. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व, घरच्यांना शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या, दोन्ही गटांत ४७ टक्के. घरच्यांच्या जिव्हाळ्याला मी कमी लेखत नाही, पण जिव्हाळा जाणकाराची जागा घेऊ शकला नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून व्यायाम करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. फिजिओथेरपिस्ट नको, असं माझं म्हणणं मुळीच नाही. त्याच्या मशीनपेक्षा त्याचे डोळे, हात आणि बुद्धी यांना पैसे द्या, एवढंच म्हणतो. आपल्याकडे ही विद्या रुजली तीच मुळी अशी. पोलिओच्या साथींनंतर १९५० च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, १९५५ मध्ये हाजी अलीची पुनर्वसन संस्था उभी राहिली. लुळ्या पायांच्या मुलांना एकेक स्नायू तपासून, एकेक हालचाल शिकवून उभं करणं हे तेव्हाचं काम होतं.

तेव्हा दहा दिवसांचे पैसे भरण्याआधी विचारावं: माझी तपासणी कोण करणार, मला कोणते व्यायाम शिकवणार, पुढच्या आठवड्यात ते कसे वाढवणार, आणि माझं काम बघून त्यात काय बदल सुचवणार? समोरच्याची पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी विचारायला संकोच करू नये. दहा दिवसांत एकदाही तुम्हाला उभं करून, वाकवून, चालवून पाहिलं नाही, तर ती जागा सोडावी. शेठ लोकांनाही सांगणं आहे. दहापेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला कर्मचारी राज्य विमा योजना बंधनकारक नाही, त्यामुळे आपल्या गावातल्या कितीतरी मागवाल्यांना आजारपणाची भरपगारी सोडाच, अर्धपगारी रजाही मिळत नाही. पाळीत दोनदा दहा मिनिटांची विश्रांती, उभं राहायला फरशीवर रबरी चटई आणि कांड्यांची पेटी कमरेच्या उंचीवर, एवढं तर स्वखुशीने करता येईल.

एक गोष्ट मात्र वरच्या सगळ्याला अपवाद आहे. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, किंवा पाऊल उचलता येईना, तर व्यायाम नको, शेक नको, त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा. तिथे तासांचा हिशेब असतो. आणि आठवडे उलटूनही दुखणं रात्री जास्त होत असेल, बरोबर बारीक ताप आणि वजन उतरणं असेल, तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्या. तो आपल्याकडे अजून आहे आणि औषधाने बरा होतो.