गरोदरपणातील वांग, काळी रेघ आणि खाज : काय सोडून द्यायचे, काय सोसायचे नाही



वस्तीत एखादी सून गरोदर राहिली की पाचव्या-सहाव्या महिन्यात बोलणे सुरू होते, "चेहरा किती काळवंडला हिचा!" कुणी मेडिकलमधून ट्यूब आणून देते, कुणी केशराचे दूध सुचवते, तर कुणी पोटावरची रेघ बघून मुलगा की मुलगी तेही सांगून टाकते. पण तीच सून म्हणाली, "रात्रभर तळहात-तळपाय खाजतात," तर तिला उत्तर मिळते, "होतेच असे, सोस जरा." हे उलटे चालले आहे. ज्याची काळजी नको त्यावर आपण पैसे घालतो आणि ज्यासाठी दवाखाना गाठायला हवा ते अंगावर काढतो.

कातडी काळी का पडते?

गरोदरपणात शरीरातील संप्रेरके वाढतात. त्यामुळे कातडीला रंग देणारे मेलॅनिन जास्त तयार होते. गालांवर, कपाळावर, ओठांच्या वर वांग येतो. बेंबीपासून खाली काळी रेघ उमटते. स्तनाग्रे, काखा, मांड्यांच्या आतली बाजू गडद होते. पोट वाढताना कातडी ताणली जाते, म्हणून पोटावर, छातीवर, मांड्यांवर लालसर-जांभळट चिरा पडतात. यातले काहीही रोग नाही. बाळंतपणानंतर काही महिन्यांत काळेपणा बहुधा कमी होतो आणि चिरा फिकट पडतात. वांग मात्र काही जणींना जास्त काळ राहतो. रेघेचा आणि मुलगा-मुलगीचा काहीही संबंध नाही. केशराने बाळ गोरे होत नाही, बाळाचा रंग आई-वडिलांकडून येतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. मान जाड, मखमलीसारखी काळी दिसू लागली, तर ती नुसती घासत बसू नये. रक्तातील साखर वाढण्याशी तिचा संबंध असू शकतो. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना मान दाखवावी.

ट्यूब का नको?

गोरे करणाऱ्या अनेक मलमांत स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचे मिश्रण असते. यातली शेवटची दोन औषधे गरोदरपणात टाळायची असतात. स्टेरॉइडने कातडी आधी उजळल्यासारखी वाटते, मग पातळ होते, लाल पडते, पुरळ येते आणि ट्यूब बंद केली की त्रास वाढतो. म्हणून स्टेरॉइडची मलमे केंद्र सरकारने 2018 साली चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. तरी ती सहज मिळतात. बिनलेबलच्या डब्या तर त्याहून वाईट. काही वर्षांपूर्वी अकोल्यात अशा क्रीममुळे एकाच घरातील मायलेकींची मूत्रपिंडे बिघडली. तपासणीत क्रीममध्ये पारा सापडला. पारा आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोहोचतो.

आणि काळे होणे हा दोष आहे, हे आम्हांला मुळातच मान्य नाही. रंगावरून माणसाची किंमत ठरवणे आपण नाकारले आहे. मग घरच्या लेकी-सुनेला तोच काटा का टोचायचा?

घरी काय करावे?

वांग उन्हाने वाढतो. घरकामाला, कचरा वेचायला, भाजीच्या गाडीवर जाणाऱ्या ताईंनी डोक्यावर पदर, ओढणी किंवा टोपी घ्यावी. परवडले तर झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन लावावे, ते गरोदरपणात चालते. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा चेहऱ्यावर चोळू नये. लिंबू लावून उन्हात गेल्यास कातडी भाजते.

कोरड्या कातडीची साधी खाज सुटत असेल तर कोमट पाण्याने अंघोळ करावी, साबण सौम्य आणि थोडाच वापरावा, अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल लावावे. कपडे सुती आणि सैल घालावेत. तेलाने खाज शमते, चिरा मात्र पुसल्या जात नाहीत. त्या घालवण्याच्या महागड्या क्रीमवर पैसे घालवू नयेत. त्या पैशांत अंडी, डाळ, पालेभाजी येईल. घरात बाकीच्यांनाही रात्री खाज सुटत असेल तर ती खरूज असू शकते. तिच्यावर सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात.

ही खाज सोसू नका

सातव्या महिन्यानंतर तळहात-तळपायांना जोराची खाज येते, अंगावर पुरळ नसते, रात्री ती वाढते आणि झोप लागत नाही. असे असेल तर यकृतातील पित्ताचा प्रवाह मंदावलेला असू शकतो. पित्तातील आम्ले रक्तात साचतात. ती फार वाढली तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका असतो, दिवस भरण्याआधी प्रसूतीही होऊ शकते. याचे निदान रक्ताच्या तपासणीने होते, औषध आहे, आणि प्रसूती कधी करायची हे डॉक्टर ठरवतात. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, पाण्याचे फोड येणे, तापासोबत पुरळ येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्रीचीही वेळ बघू नये. 102 किंवा 108 वर फोन करावा.

पुण्यात ससून आहे, मंगळवार पेठेत महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय आहे, भवानी पेठेत सोनवणे प्रसूतिगृह आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. आशाताईंना विचारावे. डॉक्टरांपुढे लाजू नये. "खाज कुठे, कधीपासून, रात्री वाढते का" हे सांगावे आणि घरी लावलेली ट्यूबही सोबत न्यावी.

1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले होते की, आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे. घरात आपण एवढे तरी करूया. गरोदर बाईच्या रंगावर बोलणे थांबवूया आणि ती "खाजते" म्हणाली, तर तिच्यासोबत दवाखान्यात जाऊया.