हस्ताच्या पावसात हरिश्चंद्रगड

गणपती गावाला गेले आणि नवरात्र तोंडावर आलं की शहराने पावसाळा संपल्याचं ठरवून टाकलेलं असतं. छत्र्या माळ्यावर जातात आणि ट्रेकच्या ग्रुपांवर हरिश्चंद्रगड, रतनगड, अलंग-मदन-कुलंगचे बेत शिजायला लागतात. साहजिकच आहे. या दिवसांतला सह्याद्री डोळ्यांत मावत नाही. पठारं सोनकीने पिवळीधमक, ओढे अजून वाहते, हवा धुऊन निघालेली आणि नशीब असेल तर कोकणकड्यावर इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य. मीही वर्षानुवर्षं याच दिवसांची वाट बघत आले आहे, म्हणूनच या दिवसांतल्या पावसाबद्दल लिहायला बसले.

हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मोसमी पाऊस मुंबईतून माघारी फिरतो तो ८ ऑक्टोबरच्या सुमारास, आणि सरासरी म्हणजे काही वचन नव्हे. त्याआधी, २७ सप्टेंबरच्या आसपास, सूर्य हस्त नक्षत्रात शिरतो. भोंडल्याला पाटावर हत्ती काढतात तो याच हस्ताचा. आषाढ-श्रावणातला पाऊस संततधार असतो. तो चालू आहे हे घरातून निघतानाच कळतं आणि माणूस त्या तयारीने बाहेर पडतो. हस्ताचा पाऊस सकाळी चटचटीत ऊन दाखवतो, दुपारी ढग रचतो, आणि मग वारा, विजा, पाणी सगळं एकदम अंगावर घालतो. तासाभराने आभाळ मोकळंही होतं. पण तो तासभर जो उघड्या पठारावर सापडला, त्याचे पुढचे चार-पाच तास कसे जातील हे त्याच्या सॅकमध्ये काय आहे यावर ठरतं.

हस्तातल्या अशाच एका शनिवारी आम्ही पाचजण खिरेश्वरच्या बाजूने हरिश्चंद्रगड चढत होतो. खुबी फाट्याला उतरायचं, पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने खिरेश्वर गाठायचं, तिथून तोलार खिंड, कातळटप्पा आणि मग पठारावरून हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ. शनिवारी वर मुक्काम, रविवारी पाचनईत उतरायचं. सकाळी ऊन इतकं होतं की खिंडीपर्यंतच्या चढातच सगळे घामाने निथळत होते. खिंडीतल्या व्याघ्रशिल्पापाशी बसून डबे सोडले तेव्हा पूर्वेला ढग उभे राहिलेले दिसत होते. रेलिंग धरून कातळ चढून आलो, कारवीत शिरलो आणि पाऊस आला.

तोलार खिंडीच्या वरचं हे पठार सपाट नाही. एकामागून एक टेकड्या लागतात, चढा आणि उतरा. वाऱ्याने पोंचो छातीपर्यंत उचलला जायचा आणि पाणी खालून आत घुसायचं. धुकं असं दाटलं की दहा पावलांवरचा माणूस दिसेना.

आमच्यातला सगळ्यात धाकटा मुलगा पळणारा, काटक, अंगावर चरबी नावालाही नाही. आधी तोच सगळ्यांच्या पुढे होता, मग मागे पडत गेला. दात वाजत होते, पण ते सगळ्यांचेच वाजत होते. कुणीतरी चिक्की पुढे केली तर "नको म्हटलं ना!" म्हणून खेकसला. तसा त्याचा स्वभाव नाही. पुढे साध्या वाटेवर दोनदा अडखळला. मी थांबून त्याला सॅकचा छातीवरचा पट्टा सोडायला सांगितला. त्याची बोटं क्लिपवर नुसती फिरत राहिली. दाबायचं कुठे, हेच उमगत नसल्यासारखा तो त्या क्लिपकडे बघत होता. मग एका दगडावर बसला आणि जड जिभेने म्हणाला, "ताई, तुम्ही व्हा पुढे. मी जरा बसतो, येतो मागनं." त्याची हुडहुडी आता मधूनमधून थांबत होती. मला धास्ती बसली ती त्या थांबण्याची.

हायपोथर्मिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिमालय आणि बर्फ येतं. त्या दुपारी गडावर पारा सोळा-सतरा अंशांच्या खाली गेला नसावा. पुण्यात डिसेंबरात याहून गार पहाटे लोक पर्वतीवर फिरायला जातात आणि त्यांना काही होत नाही, कारण ते कोरडे असतात. शरीरातली उष्णता पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून नेतं. ओला सुती टी-शर्ट अंगाला चिकटलेला, त्यावर सुसाट वारा, पोटात सकाळचे पोहे आणि दोन घास डबा, पायांत चार तासांचा चढ, एवढं भांडवल पुरतं. शरीराचं तापमान ३७ अंशांवरून ३५ च्या खाली घसरलं की आधी बोटं ऐकेनाशी होतात, मग जीभ, मग डोकं. ज्याला हे होतं त्याला स्वतःला ते कळत नाही. उलट बसावंसं, झोपावंसं वाटतं. हरिश्चंद्रगडावर पावसात वाट चुकून, गारठून माणसं दगावली आहेत. ती काही कड्यावरून पडलेली नव्हती.

म्हणून चालताना एकमेकांकडे बघत राहायचं. "ठीक आहेस ना?" या प्रश्नाला प्रत्येकजण "हो" म्हणतो, त्याचा उपयोग नाही. त्याला बुटाची नाडी बांधायला सांगा, अंगठा करंगळीला लावायला सांगा, आज सकाळी खाल्लं काय ते विचारा. गप्प झालेला, विनाकारण चिडलेला, सरळ वाटेवर ठेचकाळणारा माणूस दिसला की तिथेच थांबायचं. "देऊळ अर्ध्या तासावर आहे, तिथे बघू" हा विचार करू नये. धुक्यात अर्ध्या तासाचे दोन तास होतात.

आम्ही वारा अडेल अशा खडकाआड त्याला नेलं. जमिनीवर दोन मॅट टाकल्या, कारण ओली जमीनही ऊब शोषून घेते. दोघांनी पोंचोचा आडोसा धरला आणि त्याचे ओले कपडे सगळे, अगदी आतलेसुद्धा, उतरवले. इथे संकोच करायचा नसतो. माझ्या सॅकच्या तळाशी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला कोरडा जोड होता: पूर्ण बाह्यांचा गरम बनियन, स्वेटर, पायजमा, लोकरीचे मोजे, माकडटोपी. तो त्याला घातला. वरून कचऱ्याची मोठी काळी पिशवी तळाला भोक पाडून डोक्यातून घातली. ती वाऱ्याला आत येऊ देत नाही. मग स्लीपिंग बॅग, आणि दोन्ही बाजूंनी दोघं त्याला बिलगून बसले. घोटभर पाणी नीट गिळतोय याची खात्री झाल्यावर थर्मासमधलं कोमट गूळपाणी थोडंथोडं दिलं. पाऊण तासाने हुडहुडी पुन्हा जोरात सुरू झाली आणि मला हायसं वाटलं, कारण हुडहुडी म्हणजे शरीर पुन्हा स्वतःची ऊब तयार करायला लागलं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आपण आहोत कुठे?"

अशा वेळी हातपाय चोळू नयेत, माणसाला ओढाताण करून उभं करू नये आणि "गरम वाटेल" म्हणून दारू तर चुकूनही देऊ नये. दारूने कातडीकडचं रक्त वाढतं आणि आतली उरलीसुरली ऊब बाहेर जाते. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नये. ऊब द्यायची ती छाती, पाठ, मान आणि काखेला. अंधार पडता पडता आम्ही देवळाजवळच्या झोपडीत पोचलो, तेव्हा चुलीपाशी बसलेल्या पाचनईच्या मामांनी घोंगडी काढून दिली आणि पहिलं वाक्य म्हणाले ते हे: "आधी डोकं कोरडं करा पोराचं. पाय-बिय मागनं."

घोंगडीवरून सांगते. या भागातली माणसं पिढ्यानपिढ्या पावसात घोंगडी पांघरून गुरं राखत आली, कारण लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरून राहते. सुती कापड ओलं झालं की संपलं. जीन्स तर ट्रेकला आणूच नये. चालताना पॉलिस्टरचा पटकन वाळणारा टी-शर्ट घाला. तो भिजणारच, भिजू द्या. महत्त्वाचा आहे तो सॅकच्या तळातला जोड. मुक्कामाच्या जागी छपराखाली पोचल्याशिवाय किंवा कुणाच्या जिवावर बेतल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. संध्याकाळी फोटोसाठी तो घालून बाहेर जायचं आणि सकाळी ओला घेऊन उतरायचं, असं करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. सॅकवर रेनकव्हर चढवलं की आतलं कोरडं राहतं, यावरही विसंबू नका. वाऱ्यात ते उडतं आणि पाठीकडून पाणी आत जातंच. आतून एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात सगळं सामान, याला पर्याय नाही. हेडटॉर्च प्रत्येकाची वेगळी, मोबाइलचा उजेड त्यात धरायचा नाही.

वेळेचं गणित याहून मोठं. हस्त-चित्राचा पाऊस बहुतेक दुपारी नि संध्याकाळी कोसळतो, तेव्हा दुपारी एकच्या आत पठार ओलांडून देवळापाशी असायला हवं. म्हणजे खिरेश्वर उजाडताच सोडायचं, आणि त्यासाठी शुक्रवारी रात्रीच तिथे पोचायचं. परत फिरण्याची खरी जागा तोलार खिंड. खिंडीत पोचेतो उशीर झाला असेल आणि ढग उभे राहिले असतील, तर वर जाऊ नये. कातळटप्प्यानंतर देवळापर्यंत भरवशाचा आडोसा नाही, आणि ओला कातळ उतरणं चढण्यापेक्षा वाईट. खाली खिरेश्वरात मुक्काम करा, नागेश्वराचं जुनं देऊळ बघा, छतावरचं कोरीवकाम निवांत न्याहाळा. शनिवार-रविवारचाच वेळ हातात, एसटीचं तिकीट काढलेलं, ग्रुपमध्ये पहिल्यांदा आलेले चारजण, या सगळ्याचा दबाव मनावर येतो हे मला ठाऊक आहे. ज्याने ग्रुप नेलाय त्याने "ठरल्या वेळेत खिंडीत पोचलो नाही तर तिथूनच परत" असं सगळ्यांसमोर आदल्या रात्रीच बोलून ठेवावं. वर गेल्यावर ते सुचत नाही आणि पटतही नाही.

धुक्यात खिंडीत सरळ पुढे गेलात तर कोथळ्याच्या बाजूला उतराल. गडाची वाट तिथून डावीकडे कातळावर चढते. पठारावर एक फाटा बालेकिल्ल्याकडे जातो. तो दिसायला जवळचा वाटतो, पण अंगावर येणारा आहे. कारवीत गुरांच्या वाटा खंडीभर. पहिल्यांदा जात असाल तर गावातून वाटाड्या घ्या, त्याचे पैसे आनंदाने द्या आणि तो म्हणाला "आज नको" तर ऐका.

विजांचा धोका या दिवसांत पावसापेक्षा जास्त. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं दामिनी ॲप निघण्याआधी बघावं, वर रेंज मिळेलच असं नाही. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, त्याला तीनाने भागलं की किलोमीटर येतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर कोकणकडा, टेकडीचा माथा, एकटं झाड सोडा आणि लोखंडी रेलिंगला हात लावू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

कोकणकड्यावर तंबू ठोकायचा मोह मी समजू शकते, पण कड्याखालून वर येणारा वारा तंबूचे खिळे रात्रीतून उपटतो. वादळी हवेत कड्याकडे जाऊच नये. मुक्काम देवळाच्या परिसरात करावा आणि राहण्याबद्दल वनखात्याचे त्या वेळचे नियम काय आहेत ते गावात विचारून घ्यावे, कारण हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे.

रविवारी सकाळी तो मुलगा पिठलं-भाकरी खाऊन ताजातवाना दिसत होता आणि तारामती शिखरावर जायचं म्हणत होता. आदल्या दिवशी इतकं गारठलेलं शरीर दुसऱ्या दिवशी लवकर थकतं आणि लवकर गार पडतं. त्याची सॅक आम्ही वाटून घेतली आणि सरळ पाचनईची वाट धरली. त्या वाटेवर रात्रीच्या पावसाने एक ओढा तांबडा होऊन वाहत होता. पाणी गढूळ असेल, तळ दिसत नसेल किंवा गुडघ्याच्या वर जात असेल, तर दोर असो वा नसो, उतरायचं नाही. डोंगरातले हे ओढे जसे चढतात तसे पाऊस थांबल्यावर काही वेळात ओसरतातही. आम्ही वाटेतल्या एका भल्यामोठ्या कपारीखाली बसून राहिलो आणि पाणी पिंढरीपर्यंत आल्यावर सॅकचा कमरेचा पट्टा सोडून एकमेकांचे दंड धरून पार झालो. पट्टा सोडायचा तो पाय घसरलाच तर सॅक टाकून देता यावी म्हणून.

निघण्याआधी घरच्या एका माणसाला कागदावर लिहून द्या: कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, सोबत कोण, उतरल्यावर फोन किती वाजेपर्यंत येईल. उतरण्याच्या अंदाजाला तीन तास जोडून ती वेळ सांगा. त्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर घरच्यांनी ११२ ला कळवायचं. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबरही त्याच कागदावर लिहा, आणि पाचनईत ज्यांच्याकडे जेवणार आहात त्यांचाही, कारण गडावर सगळ्यात आधी पोचणारी माणसं तीच असतात.