भट्टीसमोरची भोवळ नोंदवहीत आलीच पाहिजे

प्रश्न : चाकणजवळच्या एका फोर्जिंग कारखान्यात मी ठेकेदारामार्फत कामाला आहे. भट्टीसमोर उभं राहायचं आणि डोक्यावर पत्र्याची शेड. मॅनकूलर आहेत, पण ते कायम कामगारांच्या लाइनवर. पिण्याचं पाणी पलीकडच्या शेडमध्ये. मागच्या आठवड्यात आमच्यातला एक मुलगा भोवळ येऊन पडला. त्याला रिक्षात घालून खोलीवर पाठवलं आणि त्या दिवसाचा पगार कापला. ठेकेदार म्हणतो, ‘इथे काय नागपूरचं ऊन आहे? जमत नसेल तर गेटपास जमा कर.’ अशा वेळी काम नाकारता येतं का?
– एक कंत्राटी कामगार, कुरुळी

उत्तर : आधी नागपूरचं बघू. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर उष्माघाताने 14 जण गेले. त्या दिवशी पारा 38 अंशांच्या आसपास होता. पारा एकटा माणसाला पाडत नाही. हवेतला दमटपणा, कोंडलेला वारा, अंगमेहनत आणि समोरून येणारी धग, सगळं मिळून पाडतं. फोर्जिंगला पोलाद हजार अंशांच्या वर तापवतात, त्यामुळे हवामान खात्याचा आकडा तुमच्या जागेला लागूच होत नाही. ‘वेट बल्ब ग्लोब’ मापकात दमटपणा आणि धग दोन्ही धरली जातात. भट्टीजवळ तो लावा, अशी लेखी मागणी करा.

आता कायदा. 21 नोव्हेंबर 2025 पासून कारखाने अधिनियम, 1948 ची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 ने घेतली आहे. कामाच्या जागी वायुवीजन, सुसह्य तापमान आणि पिण्याचं पाणी पुरवण्याची जबाबदारी कलम 23 मालकावर टाकतं. आस्थापनेत 50 किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील, तर कलम 53 प्रमाणे या सोयी मूळ कंपनीनेच द्यायच्या. ठेकेदाराकडे बोट दाखवून तिला सुटता येत नाही. कायम कामगाराला वारा आणि कंत्राटीला धग, ही वाटणी मला संतापजनक वाटते आणि कायद्यालाही ती मान्य नाही.

अमुक अंशाला काम थांबलंच पाहिजे, असा आकडा मात्र संहितेच्या कलमांत नाही. ही मोठी उणीव आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाने कामाच्या वेळा बदला, पाणी द्या, असं राज्यांना कळवलं होतं, पण सूचनेला कलमाची धार नसते.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर जपून देतो. सरळ मशीन सोडून निघून गेलात, तर तो शिस्तभंग ठरवला जाण्याची भीती आहे. कलम 14 चा रस्ता धरा. जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका आहे असं रास्तपणे वाटलं, तर मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाला कळवण्याचा हक्क कामगाराला आहे. मालकाला धोका पटला तर लगेच उपाय करून त्याने निरीक्षकाला अहवाल द्यायचा. नाही पटला तर प्रकरण निरीक्षकाकडे जातं आणि त्याचा निर्णय अंतिम असतो. अर्ज साध्या मराठीत चालेल: तारीख, पाळी, जागा, काय झालं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पुणे कार्यालयात तो द्या आणि पोच घ्या. चौघापाचांनी मिळून सही केली, तर एकट्याचा गेटपास काढून घेणं अवघड जातं.

पडलेल्या मुलाचं प्रकरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याला खोलीवर पाठवलं म्हणजे कारखान्यात काही घडलंच नाही, असा कागद तयार झाला. अपघात नोंदवहीत ती भोवळ आली पाहिजे. उष्णतेने होणारे आजार व्यवसायजन्य आजारांच्या अनुसूचीत आहेत. पगार दरमहा 21,000 रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयचं संरक्षण मिळतं. पगाराच्या चिठ्ठीत 0.75 टक्के कपात आणि विमा क्रमांक तपासा. ठेकेदाराने हप्ता भरला नसला तरी पहिली जबाबदारी मूळ कंपनीची असते. कामावरची इजा मानली गेली आणि किमान तीन दिवस काम करता आलं नाही, तर सुमारे 90 टक्के वेतन मिळतं. साधं आजारपण ठरलं तर 70 टक्के. एका दिवसाची कपात यातून भरून येणार नाही, पण आज नोंद नसेल तर उद्या मूत्रपिंडाला इजा झाली तेव्हा तिचा कामाशी संबंध कशाने दाखवणार? चिंचवडच्या मोहननगरातलं ईएसआय रुग्णालय तुम्हाला जवळ आहे. तिथल्या केसपेपरवर ‘भट्टीसमोर काम करताना’ हे शब्द लिहून घ्या.

गावाहून सुट्टी संपवून आलेल्यांना आणि नव्या पोरांना पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी भट्टीवर लावू देऊ नका. अंगाला धग सोसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी लागतं, म्हणून पाण्याची टाकी भट्टीच्या शेडमध्येच हवी, हेही अर्जात लिहा. आणि कुणी बरळू लागला किंवा शुद्ध हरपली, तर रिक्षा नको. 108 ला फोन करा, सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.