आधी नाद लागू द्या

आईबाबांनो, २०२२ च्या जुलैतली बातमी आठवते? नागपूरच्या पंधरा वर्षांच्या एका मुलानं वेबसाइट बनवण्याची ऑनलाइन स्पर्धा जिंकली. अमेरिकेतल्या कंपनीनं त्याला वर्षाला तेहतीस लाखांची नोकरी देऊ केली आणि वय कळल्यावर 'आधी शिक्षण पूर्ण कर' म्हणून सांगितलं. आपल्याकडे चर्चा रंगली ती तेहतीस लाखांची. आईचा जुना, रडतखडत चालणारा लॅपटॉप आणि लॉकडाऊनमध्ये इंटरनेटवरून एकट्यानं गिरवलेले धडे यांच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मग काय, 'आमच्याही पोराला घाला कोडिंगच्या क्लासला!'

घाला, पण जरा थांबून. मूल सहसा थेट प्रोग्रॅमिंगच्या प्रेमात पडत नाही. ते आधी दुसऱ्याच कशात तरी रमलेलं असतं. मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा घडवणाऱ्यांपैकी एक, सेमूर पॅपर्ट, लहानपणी मोटारींच्या दातेरी चाकांत गुंतलेले असत. पाढे आणि समीकरणं आपल्याला त्या चाकांमुळे उमगली, असं त्यांनी १९८० साली लिहून ठेवलंय. आपल्या नागपुरात तान्हा पोळा झाला की लाकडी बैलाची चाकं काढून बसणारी पोरं काय कमी आहेत? त्यांना आपण रागावतो, आणि मग 'लॉजिक' शिकायला फी भरतो.

मुलीला रांगोळीचा नाद असेल तर तिला मुलांसाठीचं प्रोग्रॅमिंगचं साधन, स्क्रॅच, उघडून द्या. ते फुकट आहे. पाच टोकांची चांदणी काढायला सांगा. पुढे जा, वळ, असं पाच वेळा. पहिल्यांदा ती बहुधा ७२ अंशांत वळवेल आणि पडद्यावर पंचकोन उमटेल. उत्तर सांगू नका. १४४ तिचं तिला सापडलं की त्या दिवशी जेवायला चार हाका माराव्या लागतील. आणि हा पोरखेळ नव्हे बरं. तमिळनाडूत दारापुढे काढतात त्या रांगोळीवरून, म्हणजे कोलमवरून, संगणकशास्त्रातली चित्रांची व्याकरणं मांडण्याचं काम गिफ्ट आणि राणी सिरोमनी या दांपत्यानं १९७० च्या दशकात मद्रासमध्ये केलं.

क्रिकेटचे आकडे पाठ असलेल्याला सरासरी काढणारा प्रोग्रॅम लिहावासा वाटेल, गोष्टी रचणाऱ्याला खेळ. कशातच रमत नसेल, तर क्लासची घाई नकोच.

तुम्हाला स्वतःला कोडिंग येत नाही? उत्तम. प्रोग्रॅम अडला की मुलाला शेजारी बसवा आणि प्रत्येक ओळ काय करते ते तुम्हाला सांगायला लावा. सांगता सांगता चूक बरेचदा त्याची त्यालाच दिसते. मुरलेले प्रोग्रॅमरही हेच करतात, ऐकायला कुणी नसलं तर टेबलावर रबरी बदक ठेवून त्याला समजावतात. बदकाचा मोठा गुण एवढाच, की ते मध्येच 'शर्माजींचा मुलगा बघ' म्हणत नाही.