तारखेची फाईल आणि तारखेचा दुवा

सार्वजनिक कार्य चालविण्यास पैसा लागतो, तशी तारीखही लागते. पैशाचा हिशेब ट्रस्ट दरवर्षी सभेपुढे मांडतो. तारखेचा हिशेब मात्र ज्याचा त्याने ठेवावयाचा असतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत टळली, तर निधी शिल्लक असूनही एखाद्या विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाते. सभासदांची कुटुंबे आज मुधोळ-भैंसा भागात आहेत, तशीच नांदेड, निजामाबाद, हैदराबाद येथे आणि थेट जेद्दा-दुबईपर्यंत पसरली आहेत. सभेची वा मुदतीची तारीख या सर्वांच्या मोबाईलमधील दिनदर्शिकेत अचूक कशी पोहोचवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

तारखांचे रूपांतर आपल्या भागाला नवे नाही. निजामाच्या राजवटीत सरकारी दफ्तर फसली सनाने चाले. त्या सनात ५९० मिळविले म्हणजे स्थूलमानाने इसवी सन येतो. १९५६ साली मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यातून आदिलाबादेत आला, २०१६ साली नव्या निर्मल जिल्ह्यात गेला. तरी जमिनीचे जुने कागद वाचताना हा हिशेब अद्यापि करावा लागतो. त्यात आकडे बदलतात, दिवस बदलत नाही. फाईलचा दुवा करतानाही हेच तत्त्व सांभाळावयाचे आहे.

प्रथम फाईल म्हणजे काय ते पाहू. संगणकावरील दिनदर्शिकेतील नोंद ‘आय-सी-एस’ प्रकारच्या फाईलमध्ये साठविता येते. या प्रकाराचे नियम १९९८ साली प्रसिद्ध झाले व २००९ साली त्यांची सुधारलेली आवृत्ती निघाली. ही फाईल म्हणजे साधा मजकूर होय. प्रत्येक ओळीत डावीकडे रकान्याचे नाव व उजवीकडे माहिती असते. ‘समरी’ म्हणजे कार्यक्रमाचे नाव, ‘डीटीस्टार्ट’ म्हणजे आरंभ, ‘डीटीएंड’ म्हणजे शेवट, ‘लोकेशन’ म्हणजे स्थळ आणि ‘डिस्क्रिप्शन’ म्हणजे तपशील.

मग फाईलच का पाठवू नये? पाठविता येते, परंतु व्हॉट्सॲपवर ती अनोळखी कागदासारखी दिसते. काही मोबाईलवर ती उघडत नाही, आणि वडीलधारी मंडळी भीतीने तिला हात लावीत नाहीत. दुव्यावर बोट ठेवले की भरलेली नोंद समोर येते आणि ‘सेव्ह’ दाबले की काम होते.

गूगलच्या दिनदर्शिकेसाठी दुवा असा रचतात. आरंभी कॅलेंडर डॉट गूगल डॉट कॉम हा पत्ता, पुढे तिरक्या रेघांनी जोडलेले ‘कॅलेंडर’ व ‘रेंडर’ हे शब्द, आणि मग प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हानंतर ‘ॲक्शन बरोबर टेम्प्लेट’ असे लिहावे. त्यातील ‘टेम्प्लेट’ मोठ्या रोमन अक्षरांत असावे. त्यापुढे फाईलमधील रकाने नव्या नावांनी येतात: ‘समरी’चे ‘टेक्स्ट’ होते, ‘डिस्क्रिप्शन’चे ‘डिटेल्स’ होते, ‘लोकेशन’ तसेच राहते, आणि आरंभ व शेवट मिळून ‘डेट्स’ हा एकच रकाना होतो. दोन वेळांमध्ये तिरकी रेघ व दोन रकान्यांमध्ये ‘अँड’चे चिन्ह घालावे. रकान्यांची नावे रोमन लिपीत आणि तारखेचे आकडे इंग्रजीच लिहावे.

खरी कसोटी वेळेची आहे. समजा, सभा १५ ऑगस्ट रोजी सकाळी १० ते ११.३० आहे. आपली वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असते. म्हणून १० मधून साडेपाच वजा करून ०४३०००, आणि ११.३० मधून वजा करून ०६०००० असे लिहावयाचे. आकड्यांच्या शेवटी ‘झेड’ हे अक्षर असले, तर ती जागतिक वेळ समजावी. या दुव्याने मुधोळात १० वाजता दिसणारी सभा जेद्द्याच्या मोबाईलवर ७.३० वाजता दिसेल, आणि ते बरोबरच आहे. परंतु साडेपाच तास वजा न करता ‘झेड’ लावले, तर हीच सभा मुधोळात दुपारी ३.३० वाजता दिसेल, आणि सभासद सभा उठल्यावर येतील! फाईलमध्ये आधीच ‘झेड’ असेल, तर पुन्हा वजाबाकी करू नये. दिवसभराचा कार्यक्रम असल्यास वेळ गाळून शेवट म्हणून दुसऱ्या दिवसाची तारीख द्यावी लागते.

मराठी मजकुराबाबत दोन सूचना. फाईलच्या नियमांप्रमाणे ओळ ७५ बाईटांपेक्षा लांब नसावी, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाईट घेते. म्हणून लांब मराठी नाव पुढील ओळीवर जाते व त्या ओळीच्या आरंभी एक मोकळी जागा असते. दुवा करण्यापूर्वी ती जागा काढून ओळी सलग जोडाव्या. दुव्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणांसह ९ रोमन अक्षरांचे होते. ते रूपांतर संगणकाकडून करून घ्यावे. यास्तव नाव आटोपशीर ठेवणे उत्तम.

दुव्याच्या मर्यादाही ध्यानात असाव्या. फाईलमध्ये प्रत्येक नोंदीला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो, तो दुव्यात जात नाही. दोनदा सेव्ह केल्यास दोन नोंदी होतात. फाईलमधील आठवणीची घंटाही दुव्याबरोबर येत नाही. सभेची तारीख पुढे गेली, तरी सभासदाने साठविलेली नोंद जागची हलत नाही. म्हणून बदल झाल्यास नवा दुवा पाठवून जुनी नोंद पुसण्यास स्पष्ट सांगावे. ईदसारखी चंद्रदर्शनावर अवलंबून असलेली तारीख तर चंद्र दिसण्यापूर्वी पक्की म्हणून पाठवूच नये. शिवाय दुव्यातील मजकूर उघडा असतो. विद्यार्थ्याचे नाव, घरची अडचण वा फोन क्रमांक त्यात घालू नये.

दुवा सर्वांना पाठविण्यापूर्वी कार्यकर्त्याने तो स्वतःच्या मोबाईलवर उघडून वार, वेळ व स्थळ ताडून पाहावे. आणि ज्या घरी असा मोबाईल नाही, तेथे कार्यकर्त्यानेच जाऊन तारीख सांगावी. आपल्या भाषेत दुवा म्हणजे जोडणारी कडी, आणि दुवा म्हणजे आशीर्वादही. मुदतीच्या आत ज्याचा अर्ज पोहोचेल, त्या मुलाच्या घरून हा दुसरा दुवा ट्रस्टला आपोआप मिळेल.