जुन्या येझदीचा कार्बोरेटर : सुटे भाग दुर्मिळ झाल्यावर

अस्सल साधन हाती आले की आधी त्याची नोंद करावी, मग त्याला हात लावावा, हा नियम इतिहासाच्या तासाला आम्ही प्रथम सांगतो. ताम्रपटाइतकाच तो मोटारसायकलच्या जुन्या कार्बोरेटरलाही लागू पडतो. गॅरेजचा व्यवसाय करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना यातील पुष्कळसे ठाऊक असेल. ज्यांच्या अंगणात वडिलांची वा आजोबांची गाडी गंजत उभी आहे, त्यांच्यासाठी हे लेखन आहे.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये मोटारसायकलींचे उत्पादन सुरू केले. पुढे हीच गाडी येझदी नावाने खेडोपाडी पोहोचली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. अलीकडे जावा आणि येझदी ही नावे बाजारात परतली आहेत खरी. परंतु त्या गाड्यांची इंजिने वेगळी असून त्यांना कार्बोरेटरच नाही. त्यामुळे जुन्या गाडीच्या मालकापुढे दोनच मार्ग उरतात : बाजारातील नकली भाग, अथवा जुन्याच भागाची दुरुस्ती. आमचा कौल दुसऱ्या मार्गाला आहे.

त्याचे कारण जेटच्या छिद्रात आहे. चोंदलेले जेट तारेने कोरण्याची सवय सर्वत्र आढळते. पितळ मऊ असते. एक मिलिमीटर व्यासाचे छिद्र १.१ मिलिमीटर झाले, तर त्याचे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते. इंधनही त्या मानाने जास्त वाहते आणि मूळ माप कायमचे पुसले जाते. म्हणून जेट पेट्रोलमध्ये भिजत ठेवावे, हवेच्या दाबाने साफ करावे, आणि त्यावरील आकडा वहीत उतरवून घ्यावा. सुईची खाच वरून कितवी, हवेचा स्क्रू किती फेरे उघडा होता, हेही लिहावे. आकडा सारखा म्हणून दुसऱ्या बनावटीचे जेट बसवू नये. जुन्या बुलेटला येणाऱ्या अमल कार्बोरेटरच्या जेटवरील आकडा मिनिटाला किती घन सेंटिमीटर इंधन वाहते ते सांगतो, तर काही बनावटींत तोच आकडा छिद्राचा व्यास दर्शवतो.

येझदीचे इंजिन टू-स्ट्रोक आहे. त्याला वंगण पेट्रोलमधूनच मिळते. जेट लहान पडले किंवा पॅकिंगमधून जादा हवा शिरली, की पेट्रोलबरोबर तेलही कमी पडते, पिस्टन तापून सिलिंडरमध्ये आवळतो आणि धावत्या गाडीचे मागचे चाक जागीच अडकते. अशा वेळी प्रश्न गाडीचा राहत नाही, जिवाचा होतो.

कागदी पॅकिंग घरी सहज होते. पॅकिंगचा कागद कडेवर ठेवून हातोडीच्या गोल टोकाने हलके ठोकावे, आकार आपोआप कापला जातो. मात्र इंजिनला टेकणारी बाजू वाकलेली असेल, तर कितीही चांगले पॅकिंग हवा रोखणार नाही. नट अति आवळल्यामुळे ती वाकते. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून ती सावकाश घासावी.

पितळी फ्लोट गळका असेल तर गरम पाण्यात बुडवताच बुडबुडे येतात. डाग देण्यापूर्वी आतील पेट्रोल पूर्णपणे उडून गेले पाहिजे. पेट्रोलची वाफ राहिलेल्या फ्लोटला आच लावणे म्हणजे हातात स्फोटक धरणे होय. डागही थोडाच द्यावा. फ्लोट जड झाला तर पेट्रोलची पातळी वाढते.

स्लाइड झिजली असेल तर लेथवर नवी करून घेता येते. कामगार कुशल हवा. सैल स्लाइड इंजिन संथ चालू देत नाही. घट्ट झालेली त्याहून वाईट, कारण मूठ सोडली तरी ती वरच अडकते. इंजिन सुरू करण्यापूर्वी मूठ दहा वेळा फिरवून सोडावी आणि दरवेळी स्लाइड टक्कन खाली पडते की नाही ते ऐकावे.

रबरी भागांबाबत मात्र जुन्याचा आग्रह नको. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुने रबर फुगते. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते आणि ते फ्लोटच्या वाटीत साचून धातूला खाते. इथेनॉल सोसणाऱ्या ओ-रिंग आणि नळ्या घालाव्यात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवावी.

शेवटी गाडी काही किलोमीटर चालवून प्लग काढून पाहावा. तांबूस-तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. काळा, ओलसर असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. पांढुरका दिसला तर गाडी तिथेच थांबवून पुन्हा वही उघडावी.