उसाचे पाणी व उसातील तण

आमच्या विचुंबे (पनवेल) बाजूच्या भातशेतकऱ्यास तण दाबण्याचे एक साधन पूर्वापार ठाऊक आहे; ते म्हणजे पाणी. खाचरात चिखलणी करून पाणी कोंडले म्हणजे पुष्कळ तण उगवतच नाही. हीच समजूत धरून जो उसाकडे वळेल तो मात्र फसेल. सरीत पाणी कोंडून राहिल्यास टिपऱ्यांचे डोळे कुजतात आणि लव्हाळा मात्र माजतो.

ऊस आरंभी फार सावकाश वाढतो. उगवण पुरी होण्यासच महिना-सव्वा महिना जातो आणि सऱ्यांमधील तीन ते पाच फूट जमीन उघडी पडलेली असते. तेथील ऊन, पाणी व खत तण खाऊन टाकते. पहिल्या तीन-चार महिन्यांत फुटवा मारला गेला, तर पुढे कितीही पाणी वा युरिया दिला तरी ती तूट भरून येत नाही. पाने एकमेकांस मिळून सावली पडली, की तणाचा जोर आपोआप ओसरतो.

लागणीनंतरची आंबवणी हलकी असावी. पुढे पाणी आणि खुरपणी यांचा क्रम सांभाळणे हेच खरे काम आहे. ओल्या मातीत उपटून तेथेच टाकलेले तण पुन्हा मूळ धरते. वाफसा येताच खुरपावे, तण उन्हात वाळू द्यावे, मगच खत व पुढचे पाणी द्यावे. कालव्याची पाळी आली आणि मजूर मिळाला नाही म्हणून हा क्रम उलटतो, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु पाळीच्या तारखा पाहून मजूर आधीच सांगून ठेवणे अशक्य नाही. अ‍ॅट्राझीनसारखे तणनाशक लागणीनंतर लगेच, जमिनीत ओल असताना फवारावे. कोरड्या ढेकळांवर ते वाया जाते. लव्हाळ्याच्या गाठींवर त्याचा भरवसा नको. त्या उन्हाळी नांगरटीने वर आणून वाळवाव्या व वेचाव्या.

अतिपाण्याचे फळ नीरा खोऱ्याने पूर्वीच भोगले आहे. तेथील खारवट जमिनींचा अभ्यास पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे डॉ. हॅरल्ड मॅन यांनी सहकाऱ्यासह करून तो १९१० साली प्रसिद्ध केला. निचरा नसलेल्या जमिनीत पाणी मुरत राहिले, की पाण्याची पातळी चढते, क्षार वर येतात, ऊस पिवळा पडतो आणि हरळी मात्र तग धरते. याच खोऱ्यात पाडेगाव येथे १९३२ साली ऊस संशोधन केंद्र निघाले. ठिबकाने पाणी मुळाशीच पडते व मधला पट्टा कोरडा राहून तेथे तण कमी होते. खोडव्यात पाचट न जाळता सरीत पसरल्यास तण दबते आणि ओलही टिकते.

आमच्या बाजूस ज्याच्या विहिरीस उन्हाळ्यात पाणी टिकते, त्याने आमच्या मते जानेवारीतच सुरू ऊस लावावा. म्हणजे तणाचे नाजूक महिने पाऊस लागण्यापूर्वी कोरड्यात उरकतात. मोठी बांधणी व शेताच्या कडेचे चर मृगापूर्वी पुरे व्हावेत. एकदा पाऊस लागला, की येथे आठ-आठ दिवस वाफसा येत नाही.